ट्रॅक्टर गेला, सिबिल पडलं. आता पीक कर्ज मिळेल का?

पत्र: मी राळेगाव तालुक्यातला, वय ४३. सहा एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस-सोयाबीन-तूर घेतो. २०१९ च्या कर्जमुक्तीत माझं १ लाख १२ हजारांचं पीक कर्ज माफ झालं. २०२० मधे फायनान्सवर ट्रॅक्टर घेतला. भाड्यानं चालवून हप्ते निघतील असा हिशेब होता. २०२२ मधे बाबांना किडनीचं दुखणं निघालं, नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या, वरून त्याच वर्षी पावसानं सोयाबीन नेलं. हप्ते थकले, कंपनीनं ट्रॅक्टर ओढून नेऊन विकला. तरी १ लाख ६१ हजार बाकी दाखवली. बैलजोडी आणि बायकोची पोत विकून २०२३ च्या शेवटी ८५ हजारांत सेटलमेंट केली. तेव्हापासून खत-बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर उचलतो. यंदा बँकेत पीक कर्जाला गेलो तर साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. सिबिल ५६१, जमत नाही म्हणाले. आता ओळखीतला एक जण १५ हजारांत सिबिल क्लिअर करून देतो म्हणतो. दुसरं म्हणजे बायकोच्या नावानं मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून सगळं एकदाचं मिटवावं असं घरात चाललंय. काय करू? सोबत रिपोर्टच्या चार पानांची झेरॉक्स जोडली आहे.

भाऊ, नमस्कार.

आधी त्या पंधरा हजारवाल्याचं बघू. त्याला रुपयाही देऊ नका, आणि आधार, पॅन, ओटीपी यातलं काहीच त्याच्या हाती लागू देऊ नका. तुमच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात. त्यांच्याकडची नोंद बदलते ती फक्त कर्ज देणाऱ्या बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं दुरुस्ती कळवली तरच. आतल्या माणसाच्या ओळखीनं पुसता येईल असं तिथं काही नसतं. हे एजंट करतात काय, तर तुमच्या नावानं सगळ्या खात्यांवर ऑनलाइन तक्रारी टाकून देतात. हे काम तुम्ही फुकटात करू शकता. खरी थकबाकी असली की तक्रार फेटाळली जाते आणि तोवर एजंटचा फोन लागेनासा होतो. ओटीपी दिला असेल तर तुमच्या नावावर एखादं नवंच कर्ज निघायची भीती वेगळी.

तुम्ही रिपोर्टची झेरॉक्स पाठवलीत हे फार बरं केलं. बहुतेक जण फक्त आकडा लिहितात, ‘माझं ५४०, माझं ६१०’, आणि आकड्यावरून कुणालाही काही सांगता येत नाही. ३०० ते ९०० मधला तो आकडा म्हणजे आतल्या नोंदींचा निकाल. दुरुस्ती नोंदींची होते, आकडा आपोआप मागून येतो. तेव्हा पानं समोर ठेवा, मी तुमच्यासोबत वाचतो.

दुसऱ्या पानावर पहिलंच खातं पीक कर्जाचं आहे. थकबाकी १,१२,००० आणि ‘माहिती शेवटची कळवल्याची तारीख’ मार्च २०२०. म्हणजे महात्मा जोतिराव फुले योजनेतून शासनाचे पैसे तुमच्या खात्यात आले, बँकेनं आपल्या वहीत खातं मिटवलं, पण सिबिलला ते कळवलंच नाही. तुमच्या ५६१ मागचं सगळ्यात मोठं कारण बहुधा हेच आहे, आणि यात तुमचा काडीचाही दोष नाही. आधार प्रमाणीकरणाला अंगठा लावल्याची पावती घरात असेलच, ती शोधा. खात्याचं पासबुक भरून घ्या, त्यात शासनाची रक्कम जमा झालेली तारीख दिसेल. मग शाखेतून बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, मागा. तुमच्या त्या बँकेचं नाव आता बदललंय, म्हणून कुणी ‘आमच्याकडं नाही ते’ म्हणून परत पाठवू नये. २०१९-२० मधे कितीतरी सरकारी बँका एकमेकींत गेल्या, आणि १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. विलीनीकरणात खाती आणि जबाबदाऱ्या नव्या बँकेकडं येतात. जुना खाते क्रमांक सांगा, त्यांच्या सिस्टीमवर तो निघतो.

त्याखालचं खातं ट्रॅक्टरचं. इथं स्थिती ‘सेटल्ड’ अशी आहे आणि निर्लेखित रक्कम ७६,०००. ही नोंद खरी आहे. तडजोडीत कंपनीनं सोडलेले पैसे तिथं लिहिलेत, ते एजंटच्यानंही पुसले जाणार नाहीत. निर्लेखित केलं म्हणजे माफ झालं असा समज गावात सर्रास आहे, तसं नसतं. तडजोडीच्या पत्रात ‘पूर्ण व अंतिम’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर कंपनी तुमच्याकडं आता मागू शकत नाही, पण नोंद राहते. हे पत्र तुमच्याकडं आहे का? पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून विचारतो. नसेल तर आधी ते मिळवा, नाहीतर दोन वर्षांनी दुसऱ्याच वसुली कंपनीचा माणूस त्याच ७६ हजारांसाठी दारात उभा राहील.

अजून एक. ट्रॅक्टर किती रुपयांना विकला आणि ती रक्कम तुमच्या खात्यात कधी जमा केली, याचा लेखी हिशेब कंपनीकडून मागा. ओढून नेलेली गाडी येईल त्या भावात विकणं, यार्डाचं भाडं, टोइंगचा खर्च असं काय काय लावून बाकी फुगवणं, हे होतं. तुमच्या बाबतीत झालंच असं मी म्हणत नाही. पण १ लाख ६१ हजार हा आकडा आला कुठून ते तुम्हाला माहीत नाही, आणि कर्जदाराला ते माहीत असलं पाहिजे.

मग ते ७६ हजार भरून टाकावे का? भरले आणि कंपनीनं तसं कळवलं तर ‘सेटल्ड’च्या जागी ‘क्लोज्ड’ येऊ शकतं, आणि बँकवाल्याच्या डोळ्याला ते नक्कीच बरं दिसतं. तरी माझं मत विचाराल तर आत्ता नको. तुमच्याकडं ते पैसे नाहीत, आणि जुनी नोंद सुंदर करण्यासाठी नवं कर्ज काढणं म्हणजे पुन्हा त्याच खड्ड्यात पाय. दोन हंगाम नीट गेले, हाती काही उरलं, तर तेव्हा कंपनीला विचारा: इतके भरतो, नोंद ‘क्लोज्ड’ करून देता का ते आधी लेखी द्या. लेखी आल्याशिवाय भरू नका.

त्याच खात्याखाली छोट्या चौकटींची एक पट्टी आहे, बारीक अक्षरात. मागच्या ३६ महिन्यांचा इतिहास असतो तो. ०००  म्हणजे त्या महिन्यात हप्ता वेळेत आला. ०३०, ०६०, ०९० म्हणजे तितके दिवस उलटून गेले. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती कंपनीनं पाठवलीच नाही. ती बघून घाबरू नका. तुमच्या पट्टीवर २०२२ च्या जूनपर्यंत ओळीनं शून्यं आहेत आणि जुलैपासून आकडे चढत गेलेत. बाबांचं दुखणं निघायच्या आधी तुम्ही दोन वर्षं एकही हप्ता चुकवला नव्हता. हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही. बँकेत बोलताना हेच दाखवायचं आहे, दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डासकट.

तिसऱ्या पानावर १२,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज दिसतंय, २०२१ चं, एका ॲपवाल्या कंपनीचं, थकीत. त्यापुढं तुम्ही पेनानं प्रश्नचिन्ह काढलंय. तक्रार टाकण्याआधी घरात विचारा. रागावून नव्हे, सहज. लॉकडाऊनमधे शाळा मोबाइलवर आली होती, तुमचा फोन पोराच्या हातात असायचा, आणि असली कर्जं दोन बोटांत मंजूर व्हायची. घरातल्याच कुणी घेतलं असेल तर मूळ रक्कम आणि व्याजाचा हिशेब मागून ते पूर्ण भरून बंद करा. इथं सेटलमेंट नको, रक्कम छोटी आहे. कुणीच घेतलेलं नसेल तर ती फसवणूक आहे. मग कंपनीला लेखी कळवा, सिबिलकडं त्या खात्यावर ‘हे माझं नाही’ अशी तक्रार टाका, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंद करून तिचा क्रमांक ठेवा. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून दुसऱ्याच माणसाचं खातं आपल्या रिपोर्टमधे येतं, असंही घडतं. आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे तिघं सापडतात, आणि निम्म्यांची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी १ जून लावलेली. तेव्हा त्या खात्यापुढचा पत्ता आणि पॅन नीट बघा.

चौथ्या पानावरचं तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही. तुम्ही कुणाच्या तरी कर्जाला जामीनदार आहात. चुलतभाऊ असेल, साळा असेल, मला माहीत नाही. त्यानं हप्ता चुकवला की तो तुमच्या रिपोर्टमधेही दिसतो, आणि कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पट्टीवर मागच्या वर्षी दोनदा ०३० आलंय. नात्यातला विषय आहे, अवघड आहे, पण एकदा बसून बोलावं लागेल. आणि तुमचं स्वतःचं रुळावर येईपर्यंत नव्या कुणाच्या कागदावर सही करू नका. ‘सिबिल खराब आहे, माझी जामिनी चालत नाही’ हे उत्तर खरंही आहे आणि त्यानं कुणी दुखावतही नाही.

आता दुरुस्तीची रीत. दोन ठिकाणी एकदम कळवायचं: ज्या बँकेचं खातं तिला लेखी अर्ज, आणि सिबिलच्या साइटवर त्याच खात्यावर तक्रार. दोन्ही मोफत. तुमची तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यात बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला २१ दिवस असतात. ३० दिवसांच्या वर गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि शाखेतल्या पुष्कळ साहेबांना तो ऐकूनही माहीत नसतो. अर्जात तो वाक्यासकट लिहा. तक्रार फेटाळली तर कारण द्यावं लागतं. तरीही हललं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते: सीएमएस पोर्टलवर, किंवा साध्या पोस्टानं चंदीगडच्या केंद्राकडं. १४४४८ वर फोन केला तर रीत समजावून सांगतात. त्यालाही पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

बाकीच्या तीन कंपन्यांचे रिपोर्टही काढा. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असतो, २०१७ पासून. साइटवर महिन्याच्या पैशाचा प्लॅन ठळक दाखवतात आणि मोफतचा पर्याय कोपऱ्यात असतो, तो शोधा. सीएससी केंद्रात काढत असाल तर शेजारी बसून काढा आणि ओटीपी स्वतः टाका. आपणच आपला रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो कर्जासाठी दहा ठिकाणी अर्ज टाकल्यानं. तुमच्या रिपोर्टच्या शेवटी मागच्या पाच महिन्यांत सात जणांनी चौकशी केल्याचं दिसतंय. बँकेनं नाही म्हटल्यावर तुम्ही फोनवर येईल त्या लिंकला अर्ज करत गेलात ना? ते आजपासून बंद.

वहिनींच्या नावानं कर्ज काढायचं जे चाललंय, ते करू नका. का ते पैशांत सांगतो. मायक्रोफायनान्सचा हप्ता महिन्याला, पंधरवड्याला, काही ठिकाणी आठवड्याला. तुमच्या घरात पैसा येतो तो कापसाचा चुकारा मिळाला की, दिवाळी ते फाल्गुनाच्या दरम्यान. बाकीचे महिने मजुरी आणि दुधावर. जुलै-ऑगस्टमधे निंदण-फवारणीला हात रिकामा असतो, आणि नेमके तेव्हाचेच हप्ते चुकतात. चुकले की वहिनींच्या नावासमोर ०३० लागेल. आज त्या घरात एकट्याच अशा आहेत ज्यांची पाटी कोरी आहे. ती जपा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या कंपन्यांना नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब धरून हिशेब करावा लागतो: सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. एखादी कंपनी हे न विचारता पैसे देत असेल तर ती तुमच्यावर उपकार करत नाही.

वहिनी बचत गटात असतील तर गटातूनच, छोटं, शेळ्या किंवा शिलाई मशीनसारख्या कामासाठी आणि वेळेत फिटेल एवढंच घेऊ द्या. तेही त्यांच्या मर्जीनं.

पीक कर्जाकडं येऊ. मे २०२५ मधे राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीक कर्जाला सिबिलची अट लावू नका, लावाल तर गुन्हे दाखल करू, असं बँकांना बजावलं होतं. शाखेत ते बोलून दाखवा, पण त्यावर विसंबू नका. काउंटरवरचा माणूस थकीत खातं दिसलं की हात आखडता घेतोच, कारण कर्ज बुडालं तर त्याला विचारणा होते. म्हणून पहिलं काम ते १ लाख १२ हजारांचं खातं साफ करून घेणं. ते आणि ॲपवालं १२ हजारांचं खातं साफ झालं की तुमच्यावर उभी थकबाकी राहत नाही, राहते ती फक्त जुन्या तडजोडीची नोंद. तेव्हा बोलणं सोपं होतं. तडजोड झालेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचा रिझर्व्ह बँकेचा जो २०२३ चा नियम आहे, तोही शेतीकर्ज सोडून इतर कर्जांना आहे. तुमचे १२ महिने तसेही कधीच उलटून गेलेत.

अर्ज तोंडी करू नका. सातबारा, आठ-अ, बेबाकी दाखला जोडून लेखी द्या, पोच घ्या. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा ‘पुढच्या आठवड्यात या’ असं होतं, आणि तो चांगला शकुन असतो. तरीही नकार आला तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडं तो कागद घेऊन जा. जिल्हाधिकारी कार्यालयात पीक कर्जाचा आढावा होतो, तिथं अशा कागदाला वजन असतं. गावच्या सोसायटीचे सभासद असाल तर गटसचिवाशीही बोलून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, तेव्हा कुणी एवढ्यासाठी जमीन लिहून मागत असेल तर ऐकू नका.

मिळालं तर पहिल्या वर्षी मिळेल तेवढं सगळं उचलू नका. जेवढं लागवडीला लागतं तेवढंच. आपल्याच अमरावतीकडच्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं राज्याची व्याज सवलत योजना आहे. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. कृषी केंद्राची उधारी मालाच्या वाढीव भावात व्याज वसूल करते, आणि ती वर्षानुवर्षं वेळेवर फेडली तरी तिची कुठंही नोंद होत नाही. पीक कर्ज वेळेत भरून नवं-जुनं केलं की प्रत्येक वर्षाची शून्यं तुमच्या पट्टीवर चढतात. चुकारा आला की बाकी सगळ्या देण्यांआधी बँकेचं. लग्नसराई त्याच महिन्यांत असते, मला ठाऊक आहे.

किती वेळ लागेल? चुकीच्या नोंदी महिना-दीड महिन्यात सुधारतात. बँकांना आता महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळं दुरुस्ती लवकर दिसते. खऱ्या नोंदींचा जोर ओसरायला दोन-तीन हंगाम लागतील. क्रेडिट कार्ड घ्या, एफडीवर कार्ड काढा असे सल्ले तुम्हाला फोनवर दिसतील. महिन्याचा पगार असणाऱ्यांना ते ठीक आहेत, तुम्हाला नाहीत.

कर्ज मिटलं तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आपोआप उतरत नाही, हेही बघून घ्या. बेबाकी दाखला देऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (पूर्वीचा तलाठी) बोजा कमी करण्याचा फेरफार नोंदवावा लागतो. माफ झालेल्या त्या कर्जाचा बोजा तुमच्या सातबाऱ्यावर अजून असण्याची दाट शक्यता आहे.

बँकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा देतो. रिकाम्या जागा भरा आणि लिहून काढा.

‘प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: पीक कर्ज खाते क्र. ____ ची क्रेडिट रिपोर्टमधील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत. महोदय, सदर खात्यात महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेअंतर्गत दि. ____ रोजी रु. ____ जमा होऊन कर्ज पूर्ण फिटले आहे. पासबुकची व आधार प्रमाणीकरण पावतीची प्रत जोडली आहे. तरीही ट्रान्सयुनियन सिबिलच्या दि. ____ च्या रिपोर्टमध्ये रु. १,१२,००० थकीत दाखवले आहेत. कृपया २१ दिवसांत दुरुस्त माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी व मला बेबाकी दाखला द्यावा. तक्रार ३० दिवसांत न निकाली निघाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रतिदिन रु. १०० भरपाई मिळावी व मला लोकपालाकडे दाद मागण्याची मुभा राहील.’

दोन प्रती काढा. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडा. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तीच प्रत तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. ३० दिवस पोच मिळाल्याच्या तारखेपासून मोजा.